तळ्याकाठची रिकामी खुर्ची

३ फेब्रुवारी, मंगळवार

तळ्यावर आज बर्फ पडला. इथे पंखा बिघडलाय आणि घामाने कागद मनगटाला चिकटतोय.

तळं म्हणजे आमची मालिका. तिचं खरं नाव लांबलचक आणि परकं आहे, स्टुडिओत कुणी घेत नाही. ती तिकडे बनते, इकडे येते, आणि तिच्यातल्या माणसांच्या तोंडी मी मराठी घालते. तळ्याकाठी पिवळ्या खिडक्यांचं एक घर आहे. त्यात एक आई, दोन मुली, एक चिडका काका आणि सदानकदा ओला असलेला कुत्रा. स्वयंपाकघरात हे एवढं लांब टेबल. संध्याकाळी सगळे त्याच्याभोवती बसतात आणि मनातलं बोलतात. चक्क बोलतात! "काही नाही, डोकं दुखतंय" म्हणून कुणी उठून जात नाही.

टेबलाशी एक खुर्ची कायम रिकामी असते. तिच्यावर कुणी बसत नाही, तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही. ती कुणाची, हे मालिकेत अजून आलेलं नाही. मी आपलं ठरवून टाकलंय, माझी.

पंखेवाला उद्या येतो म्हणाला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

स्टुडिओत एक नवीन मुलगी आली आहे, तळ्याच्या धाकटीचा आवाज देणार. मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही भाषांतर करता ना?" म्हटलं, छे. भाषांतर कुणीतरी आधीच करून पाठवतं, शब्दाला शब्द, वाचवत नाही असं. मी ओठ भरते.

तिला कळेना. मग दाखवलं. आवाज बंद करून नुसतं चित्र लावलं. पडद्यावर ओठ मिटले की आपल्या शब्दातही तिथे ओठ मिटले पाहिजेत, नाहीतर माणूस एक बोलतो आणि ऐकू भलतंच येतं असं वाटतं. ओठ मिटतात ते प, फ, ब, भ, म यांना. बाकीची अक्षरं तोंडाच्या आतला मामला, बाहेर कळत नाही. ही पाच मात्र चव्हाट्यावर. आणि गंमत अशी, की बाहेरून पाचही सारखीच दिसतात.

यावरून मामाची गोष्ट निघालीच. आमचा रेकॉर्डिस्ट ती सांगितल्याशिवाय राहत नाही. (त्याला सगळे कान म्हणतात, तोही ओ देतो.) माझ्याआधी जे लेखक होते, त्यांच्याकडे एकदा भाषांतर वेळेवर पोचलं नाही. त्यांनी नुसते ओठ बघून काम उरकलं. स्टेशनवर एक तरुण म्हाताऱ्याला मिठी मारतो आणि काहीतरी हाक मारतो. यांनी लिहिलं, "मामा!" पुढच्या आठवड्यात कळलं की ते बाबा होते. तोवर मामा घराघरांत पोचलेले. मग लेखक गेले आणि मी आले.

"मामाच्या कृपेने लागली ही," कान म्हणतो. नवीन मुलगी खूप हसली. चांगली आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

घरचं लिहायचा कंटाळा येतो म्हणून तळ्याचं लिहीत बसते. पण आज लिहायलाच हवं.

आजारपणाने आईच्या दोन गोष्टी नेल्या, उजवा हात आणि आवाज. गळ्याला नळी बसवली आहे, श्वास तिथूनच येतो-जातो, बोलायला वर हवाच पोचत नाही. ओठ मात्र हलतात. दिवसभर बिनआवाजाच्या ओठांपुढे बसायचं आणि घरी येऊनही तेच! कुणाचा विनोद म्हणायचा हा, कळत नाही.

दिवसा सांभाळायला मावशी असतात. त्यांना वाटतं मी ओठ वाचते. अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालंय त्यांचं. मी वाचत नाही, मी भरते. दोन्हींत फरक आहे. पण पाणी, पंखा, पाय, पुरे एवढं कळतं आणि एवढ्यावर आमचं चालतं.

आईच्या खोलीत एकच खुर्ची. तिच्यावर औषधांचा डबा, त्यावर चादरी, त्यावर मावशींची पिशवी. मी उभ्यानेच भरवते, उभ्यानेच तोंड पुसते आणि "येते गं" म्हणून निघते.

आज निघताना आईचे ओठ हलले. पाणी नव्हतं, पंखा नव्हता. नवीन होतं. मी दारातून परत वळले. ती पुन्हा म्हणाली. सावकाश, मला कळावं म्हणून.

भाऊ. मग जरा थांबून — बस.

भाऊ, बस! बाकी काही नको. बरोबर आहे. तिला आणखी काय हवं असणार?

भाऊ म्हणजे माझा थोरला. घरात सगळे त्याला भाऊच म्हणतात, आईसुद्धा. विमानाने जावं लागतं इतका लांब असतो. लहानपणी आम्ही दोघं एकदम पडलो तर ती आधी त्याचा गुडघा बघायची. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

ठीक आहे, तक्रार म्हणूनच लिहिलंय. इथे कोण बघतंय.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज परत. सकाळी एकदा, मी आल्यावर एकदा. भाऊ. बस.

पंखेवाला आला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

भाऊला फोन केला. आई तुझं नाव घेतेय, म्हटलं. तो सुरूच झाला — तिला रोज बसवून ठेवतेस का, पाय दाबून देतेस का, कुशीवर वळवतेस का, तिथला डॉक्टर बरा आहे का. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी सगळ्याला हो म्हटलं. येतोस का, विचारलं. "बरं, बघतो." पंखेवाल्याचा 'उद्या' आणि याचा 'बघतो', दोघे सख्खे भाऊ.

फोन ठेवला आणि तिथेच गॅलरीत उभ्या उभ्या तळ्यावर गेले. हल्ली मला डोळे मिटावे लागत नाहीत. आधी लाकडी फाटक, ते ओढत उघडावं लागतं. मग कुत्रा अंगावर येतो. डावीकडे कुंडी, कुंडीखाली किल्ली. ती कधी लागत नाही कारण दार उघडंच असतं. आत लाकूड जळल्याचा वास असणार. पडद्यावर वास येत नाही, पण असणारच. आई टेबलाशी सोलत बसलेली, मान वर न करता म्हणते, "हातपाय धुऊन ये." बस एवढंच. कुठे होतीस, काय आणलंस, काही नाही.

मावशींनी हाक मारली. चादर बदलायची होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज एक आगाऊपणा केला.

तळ्याची धाकटी भांडून निघून गेलेली असते, ती अंधार पडता पडता ओलीचिंब होऊन परत येते. आई चुलीपाशी पाठमोरी उभी. वळून बघतच नाही. पावलांवरूनच ओळखते आणि काहीतरी बोलते. आता पाठमोरा माणूस म्हणजे आम्हाला मोकळं रान! ओठच दिसत नाहीत, काय हवं ते घाला, लांबी जुळली की झालं. भाषांतरात होतं, "दार लावून घे, वारा येतोय." किती कोरडं! पोर जिवानिशी परत आलीय आणि ही दाराचं बोलतेय.

मी लिहिलं — "माऊ, आलीस? ये."

माऊ मी. म्हणजे होते. आई मला लहानपणी माऊ म्हणायची. पुढे मी मोठी झाले, माऊ गेली आणि 'अगं' आलं. कधी बदललं ते काही आठवत नाही. अशा गोष्टी बदलताना कुणी तारीख घालत नाही.

तळ्याच्या आईचा आवाज ज्या बाई देतात त्या वयाने मोठ्या आहेत, बूथमध्ये चप्पल काढून उभ्या राहतात. त्यांनी ती ओळ अशी म्हटली की मी काचेच्या अलीकडे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. कानने टेप थांबवली. "मूळ वाक्यात दार होतं ना?"

"आहे की. ये म्हणजे दारातूनच."

त्याने टेप मागे घेतली. "राहू दे," म्हणाला.

घरी येताना रस्ताभर ती ओळ कानात होती. दुसऱ्याच्या आईच्या तोंडी आपणच घातलेली ओळ, आणि आपणच तिने भरून यायचं. वेडीच आहे मी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. खूश होते. महिन्याभरात नळीला झाकण लावून बघू म्हणाले. झाकण लावलं की हवा वरून जाते आणि आवाज येतो. पहिला पहिला घोगरा येईल, पण येईल.

मावशींनी हात जोडले. मला म्हणाल्या, "आता तुमची सुटका. ओठ वाचायला नकोत."

मी आनंदले, असं लिहायला हवं. आनंदलेच. पण डॉक्टरांना सोडायला गेले ती जिन्यावरच उभी राहिले. आता निदान स्वतःशी म्हणता येतं की आपण चुकीचं वाचलं असेल. काहीतरी दुसरं म्हणत असेल. आवाज आला की ती पळवाट बंद. इतक्या दिवसांनी आई पहिलं काय बोलेल ते मला माहीत आहे, आणि ते ऐकायला खोलीत मी असणार. तो नाही, मी!

तिच्या तोंडून माझ्यासाठी एक शब्द हवा होता. एवढंच हवंय, दुसरं काही नको. लिहिताना लाज वाटते, या वयात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मला तळ्यावर राहायला जायचंय.

मरायचंबिरायचं नाही, तसलं काही नाही. फक्त राहायला जायचंय. एक पिशवी भरून. दोन साड्या, चष्मा, ही वही. वरची तिरक्या छपराची खोली कुणी वापरत नाही, मी सगळे भाग बघितलेत, मला माहीत आहे. खिडकीतून तळं दिसतं. मी त्यांना काही त्रास देणार नाही. भांडी घासेन. काकाचं ऐकून घेईन. संध्याकाळी खाली येईन आणि त्या खुर्चीवर बसेन. कुणीतरी माझ्यापुढे ताटली सरकवेल. ती कुणीतरी सरकवलेली ताटली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. घरी सगळ्या ताटल्या मीच सरकवते.

जेवणाच्या सुट्टीत यातलं थोडंसं चप्पल काढणाऱ्या बाईंना सांगितलं, हसत हसत, थट्टा केल्यासारखं. त्या म्हणाल्या, "दुरून डोंगर साजरे गं. घरोघरी मातीच्या चुली." कान म्हणाला, "ते घर म्हणजे नुसती पुढची भिंत असणार. मागे फळ्या आणि टेकू. बर्फ तर साबणाचा."

त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. त्याने दुपारी माझ्यासाठी चहा आणला, तोही थंड होऊ दिला. बिचाऱ्याला कळलंच नाही काय झालं ते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

माऊचा भाग आज टीव्हीवर लागला.

आईला उशांना टेकवून बसवलं होतं. मी दारात उभी, हातात फडकं. धाकटी भिजून आली. आई पाठमोरी. आणि टीव्हीतून आमच्या खोलीत आवाज आला, "माऊ, आलीस? ये."

मी आईकडे बघत होते. बघू, ओळखते का. आठवतं का. मला वाटलं, तोंडाची चांगली बाजू जरा हलली. मग तिने मान फिरवली, टीव्हीवरून माझ्याकडे. डोळ्यांत पाणी. ओठ मिटले, उघडले.

भाऊ. बस.

टीव्हीत माझं नाव घेतलं गेलं आणि खोलीत भावाचं. मी फडकं वाळत घालायला गॅलरीत गेले आणि खूप वेळ वाळत घालत राहिले.

२ मार्च, सोमवार

तळ्याचे शेवटचे भाग आले. शेवटचे. मालिका संपतेय. कान म्हणाला, "तुला माहीत नव्हतं?" सगळ्यांना माहीत होतं म्हणे. मलाच कुणी सांगितलं नाही. आणि मी विचारलंही नव्हतं.

५ मार्च, गुरुवार

हल्ली स्टुडिओतच रेंगाळते. काम झालं तरी जुने भाग लावून बसते. आवाज बंद करून, नुसते ओठ.

मावशी आज माझ्यावर जरा उखडल्या. मी आल्याबरोबर त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक सांगू का ताई? राग मानू नका. बाई दिवसभर दाराकडे बघत असतात. तुम्ही आलात की मग नजर हलते. जरा बसत जा की त्यांच्यापाशी."

"बसून काय करू? बोलता येत नाही, लिहिता येत नाही. दाराकडे बघते ती भाऊसाठी."

"ते मला माहीत नाही. मी आपलं दिसतं ते सांगते."

पाटी आणून बघितली होती, त्याचंही सांगून गेल्या. डाव्या हाताने आईने एक गोल काढला, मग वैतागून पाटीच सोडून दिली. गोलात काय कळणार?

रात्रीचं भरवताना मी तिच्याकडे न बघता भरवलं. बघितलं असतं तर ओठ दिसले असते.

९ मार्च, सोमवार

खुर्ची कुणाची ते आज कळलं.

शेवटच्या भागात घर विकायला काढतात. सामान बांधतात. दोन्ही मुली ती खुर्ची उचलायला जातात आणि आई म्हणते, राहू द्या. मग सांगते. त्यांच्याआधी एक मुलगा होता. तळ्यात बुडाला. इतकी वर्षं ती खुर्ची त्याची होती.

तिथेही मुलगाच! इतकी वर्षं मी संध्याकाळी त्या खुर्चीवर बसत होते आणि ती आधीच भरलेली होती. हसू आलं. मग हसू थांबेना, मग दुसरंच सुरू झालं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

तो संवाद म्हणताना आई खिडकीकडे तोंड करून उभी असते. पाठमोरी! मोकळं रान. मी लिहिलं, "ही माऊची खुर्ची. ती येईल तेव्हा बसेल." लांबी अगदी जुळली. कागद कानला दिला. त्याने वाचला, आणि या वेळी राहू दे म्हणाला नाही.

"तिच्या मागे दोघी मुली रडतायत," तो म्हणाला. "मेलेल्यासाठी रडतात तशा. ओठ दिसत नसले तरी रडणं दिसतं ना."

त्याचं बरोबर होतं. मीच माझ्या हाताने खोडलं आणि लिहिलं, "ही त्याची."

१२ मार्च, गुरुवार

संपलं. चप्पल काढणाऱ्या बाईंनी शेवटची ओळ म्हटली, चप्पल घातली आणि मला जवळ घेतलं. कानने दिवा घालवला. पुढच्या आठवड्यात नवीन मालिका, पोलीस आणि चोर. सगळे भराभर बोलतात, म्हणाला, तुला कामच काम.

घरी आले. नेहमीसारखी गॅलरीत उभी राहिले. फाटक उघडलं, कुत्रा आला नाही. कुंडीखाली किल्ली नव्हती. दाराला कुलूप. आता मी जायचं कुठे?

१४ मार्च, शनिवार

भाऊचा फोन. तिकीट काढलं म्हणाला! मंगळवारी पोचतो, झाकण लावतील तेव्हा मी तिथे हवा.

मी म्हटलं, हवासच. पहिलं नाव तुझंच घेणार आहे ती.

तो म्हणाला, "तू व्हिडिओवर दाखवतेस ना तिला, तेव्हा मला काही कळत नाही. नुसते ओठ हलतात. तुला कळतं. मी फोन लवकर ठेवतो ते म्हणून. घाबरतो मी."

इतके दिवस मला वाटायचं त्याला कामं असतात.

पंखेवाला आज आला. न बोलावता! पाच मिनिटांचं काम होतं.

१७ मार्च, मंगळवार

भाऊ आला. केस गेलेत त्याचे. पिशव्या दारातच टाकून आत गेला आणि पलंगाच्या कडेला बसला. आईने डावा हात उचलून त्याच्या गालावरून फिरवला, डोक्यावरून फिरवला, केस शोधल्यासारखा. ती हसली. अर्ध्याच तोंडाने, पण हसली. मला बरं वाटलं. खोटं का बोलू, खरंच बरं वाटलं.

मी नेहमीसारखी दारात. आईने मान वळवली आणि ओठ हलले.

"काय म्हणतेय?" भाऊने विचारलं.

"तुझं नाव घेतेय," मी म्हटलं. "भाऊ, बस. तू आलास, बाकी काही नको म्हणतेय."

तो तोंड झाकून रडला. मी चहा ठेवायला गेले. आत जाताना दिसलं, आई मान हलवत होती. नाही, नाही, अशी. रडू नकोस म्हणत असेल त्याला.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी डॉक्टरांनी झाकण लावलं. घाई नको म्हणाले. भाऊ उशाशी उभा, "बोल आई, बोल ना." मी दारात.

आधी नुसती हवा. मग खरखर. मग आवाज. फाटका, पण तिचाच. भ नव्हता. म होता. मामाची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल.

"माऊ," आई म्हणाली. "बस."

खुर्चीवरची पिशवी काढली, चादरी काढल्या, औषधांचा डबा उचलून खाली ठेवला.